पेडगावाहून गंगाथडीकडे

पेडगाव म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे भीमातीरीचे पेडगाव उभे राहते. बहादूरखानाचा बहादूरगड, मोगलांची छावणी, 1689 साली संभाजीराजांच्या विटंबनेचा तो काळा प्रसंग, आणि वेड घेऊन जाण्याची सर्वतोमुखी झालेली म्हण, हे सारे त्या पेडगावाच्या वाट्याला आले. परभणी जिल्ह्यातील पेडगाव मात्र बखरींच्या वाटेवर पडले नाही. मनमाडहून मुदखेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मानवत रोड मागे टाकून गाडी परभणीच्या जवळ येऊ लागली की एका लहान स्थानकाची पाटी क्षणभर दिसते, आणि जलदगाडीतला प्रवासी ती वाचून पुरी करण्याआधीच ती निघून जाते. ज्या गावाला बखर नाही, ताम्रपट नाही, ज्याच्या वेशीत कोणा सरदाराचा वाडा इतिहासकाराची वाट पाहत उभा नाही, त्या गावाचा भूतकाळ वाचावा तरी कसा? माझ्यापुरते याचे उत्तर पायांनी दिले. पेडगावाहून परभणी, तेथून पोखर्णी, आणि पुढे गंगाखेडला गोदेच्या पात्रापर्यंत चालत गेले असता या मुलुखाचा सहा-सातशे वर्षांचा वृत्तांत जितका उलगडतो तितका तो गॅझेटियरच्या पानांतून मला कधी उलगडला नव्हता.

या उत्तराला आपल्या वाङ्मयात फार जुना आधार आहे, आणि तो याच गोदाखोऱ्यातला आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामी गंगातीरी पायी हिंडले, गावोगावच्या देवळांच्या पटिशाळांत उतरले, भिक्षा मागून नदीकाठी जेवले. त्यांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून, विचारून, पडताळून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याचा हा पहिला महान ग्रंथ मुळात एका पायी चालणाऱ्याची हकिकत आहे आणि तो जमवणाराही पायीच फिरला, ही गोष्ट आपण पुरेशी ध्यानात घेत नाही. परंतु मला त्याहूनही विलक्षण वाटते ती महानुभावांची ‘स्थानपोथी’. स्वामी जेथे जेथे बसले, निजले, उभे राहिले, त्या त्या जागेची ही नोंद: देऊळ कोणाभिमुख, दार कोणत्या दिशेस, आवारात कोणत्या कोनास कोणते दुसरे देऊळ, गावापासून नदी कोणीकडे. त्यात वर्णनाचा फुलोरा नाही, रसपरिपोष नाही; आहे ती केवळ दिशांची आणि जागांची निष्ठा. ज्या भक्तांनी ही पोथी रचली त्यांना प्रत्येक ओटा, प्रत्येक पायरी पूज्य होती, म्हणूनच यादवकालीन महाराष्ट्रातल्या गावांची रचना सांगणारे असे साधन आज आपल्या हाती आहे. देवगिरीच्या राजांचे शिलालेख दानाची जमीन सांगतात. गावात शिरल्यावर उजव्या हाताला काय लागते ते स्थानपोथी सांगते.

ही पोथी मनात धरून पेडगावाच्या स्थानकावरून खाली उतरावे. रुळांना लागूनच काळी जमीन सुरू होते. या जमिनीचा स्वभाव चालणाऱ्यालाच कळतो. ज्येष्ठात तिला पडलेल्या भेगांत हाताची बोटे सहज जातात, आणि मृगाचे दोन पाऊस झाले की तीच जमीन वहाणेला अशी धरते की प्रत्येक पावलाला शेर-दीड शेर माती बरोबर उचलावी लागते. मग वहाणा हातात घेणे हाच एक उपाय उरतो. पावसाळ्यात गाडवाट बंद पडली की माणसे धुऱ्याधुऱ्याने चालतात, कारण बांधावरच्या हरळीने माती बांधून ठेवलेली असते. शेताच्या कडेला सालगड्याचा संसार जेथे असतो, बैल आणि अवजारे जेथे ठेवतात, त्या जागेला इकडे आखाडा म्हणतात. पुण्याकडच्या वाचकाने तेथे कुस्त्यांची कल्पना करू नये. उत्तरेस दुधना आणि दक्षिणेस गोदावरी अशा दोन नद्यांच्या मधल्या या पट्ट्यात गौराणी कापसाचे नाव एके काळी दूरवर झाले होते. मानवत, सेलू, परभणी या पेठा त्या कापसावर वाढल्या, जिनिंगचे कारखाने आले, आणि त्यांच्या मागोमाग, किंबहुना त्यांच्यासाठीही, आगगाडी आली.

ती आली तो काळ भीषण होता. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे या नावाने मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा हा मीटरगेज मार्ग एकोणिसावे शतक सरताना बांधला जात होता, आणि त्याच सुमारास, 1899-1900 मध्ये, मराठवाड्यावर तो घोर दुष्काळ कोसळला. लोहमार्गाने धान्य दुष्काळात आत येते तसे सुकाळात बाहेरही जाते, हे या भागाने पुढे अनुभवले. कापसाच्या गठ्ठ्यांनी मुंबईचा भाव गावच्या ओट्यावर आणून बसवला, आणि ज्या कुणब्याला पूर्वी पावसाची काळजी होती त्याला आता पावसाबरोबर बाजाराचीही काळजी लागली. 1930 साली निजाम सरकारने ही रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. रूळ रुंद होण्यास मात्र विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले. मनमाडला गाडी बदलण्याचा आणि सामान एका फलाटावरून दुसऱ्यावर वाहण्याचा तो त्रास मराठवाड्याच्या कित्येक पिढ्यांनी सोसला आहे.

लोहमार्ग डावीकडे ठेवून चालता चालता पश्चिमेकडे मागे वळून पाहिले की त्या क्षितिजापलीकडे पाथरी आहे, आणि पाथरीची कथा सांगितल्यावाचून या वाटेवरून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचा बाप मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण, विजयनगरच्या मोहिमेत बहमनी सैन्याच्या हाती सापडून सुलतानाच्या घरी वाढलेला, आणि त्याच्या घराण्याकडे पाथरीचे कुलकर्ण वंशपरंपरेने होते, असे फिरिश्ता लिहितो. पुढे अहमदनगरास राज्य झाले, तेव्हा पाथरीचे जुने आप्त दरबारी जाऊन पोहोचले आणि त्यांनी आपले गाव मागितले. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. बुऱ्हाण निजामशहाने तिच्या बदल्यात अधिक उत्पन्नाचा परगणा देऊ केला; अल्लाउद्दीन इमादशहाने नकार दिला; आणि 1518 च्या सुमारास निजामशाही फौजा पाथरीवर चालून गेल्या. दोन सुलतानांमध्ये तलवार चालली ती एका कुलकर्ण्याच्या वतनासाठी! वतनाचे प्रेम धर्म बदलले तरी सुटत नाही, सिंहासन मिळाले तरी सुटत नाही, याचे याहून बोलके उदाहरण दख्खनच्या इतिहासात मला ठाऊक नाही. राजकारणाचे पंडित या स्वारीत सीमाप्रश्न पाहतील, तोही असेलच. परंतु आपल्या गावाच्या शिवेबद्दल माणसाला जे वाटते त्याची किंमत इतिहासाने कमी धरू नये.

त्या शिवेचे कागद कसे असतात ते मी याच परिसरातल्या एका घरी पाहिले. घरातल्या वडीलधाऱ्या काकांनी माळवदाच्या खोलीतून लाल खारव्याचा रुमाल आणून सोडला, आणि, “बघा, तुम्हाला लागलं तर, आमच्यात आता हे कुणाला लागत नाही,” असे म्हणून ते चहा सांगायला उठून गेले. जाड, पिवळा कागद. माथ्यावर उर्दू शिक्का. खाली बोरूने लिहिलेली मोडी, एकाही ठिकाणी हात न उचलता ओळीच्या शेवटापर्यंत धावलेली. आणि कडेला कसरीने पाडलेली छिद्रे, जी एका कागदातून दुसऱ्यात थेट तळापर्यंत गेली होती. मिती होती माहे खुर्दाद, 1338 फसली. फसली सालात 590 मिळवले की इसवी सन येतो आणि वर्ष आजूर महिन्यात, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सुरू होते, एवढे ठाऊक असले की हा कागद 1929 च्या एप्रिलमधला हे चटकन कळते. आमच्या आजोबांच्या पिढीला आजूर, दै, बहमन, इस्फंदार ही इराणी महिन्यांची नावे चैत्र-वैशाखाइतकीच तोंडपाठ होती: पेरणी मृगावर, एकादशी पंचांगावर आणि सारा फसलीवर.

हैदराबादचा दिवाण पहिला सालारजंग याने 1865 मध्ये जिल्हाबंदी करून मक्तेदारांकडून वसुली काढून घेतली आणि अव्वल तालुकदार, तहसीलदार, गिरदावर, पटवारी अशी उतरंड उभी केली. देशमुख-देशपांड्यांचा अधिकार गेला, रसूम राहिला. खजिन्यात भरावयाचा पैसा हाली सिक्क्यांचा, म्हणजे निजामाच्या नाण्यांचा. इंग्रजी शंभर रुपयांना हाली 116 रुपये 10 आणे 8 पै, हा हिशेब मनमाडकडे कापूस पाठवणाऱ्या प्रत्येक अडत्याला झोपेतही करता येत असे. दरबारची भाषा उर्दू, आणि मराठी शाळेला परवानगीसाठी दारोदार. याच लोहमार्गावर परतूरला 1937 साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती पत्करली. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. हा इतिहास आता शाळेच्या पुस्तकांत आहे, म्हणून येथे त्याचा विस्तार करीत नाही.

पुढे परभणी लागते. शहरात शिरताना मला प्रथम आठवतात बी. रघुनाथ. भगवान रघुनाथ कुलकर्णी यांचा जन्म 1913 साली सातोन्याचा. सातोना हे याच मार्गावरचे, पेडगावासारखेच एक स्थानक. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण हैदराबादेस, आणि मग परभणीस सरकारी बांधकाम खात्यात नोकरी. दिवसा खात्याचे कागद आणि रात्री कविता, कथा, कादंबऱ्या. ‘आडगावचे चौधरी’, ‘म्हणे लढाई संपली’, ‘जगाला कळले पाहिजे’ या कादंबऱ्यांतून निजामी अमलातल्या मराठी माणसाचे जे चित्र उमटले ते त्यांच्याआधी कोणी काढले नव्हते. 1953 च्या सप्टेंबरात, चाळिशीतच, ते गेले. पुण्या-मुंबईच्या समीक्षेने त्यांना जे स्थान द्यावयास हवे होते ते फार उशिरा दिले, आणि तेही हात आखडून, असे माझे स्पष्ट मत आहे. परभणीने मात्र त्यांचे नाव जपले आहे. शहरातल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ भेंडी आणि ‘परभणी मोती’ ज्वारी या वाणांतून परभणीचे नाव दूरच्या शेतकऱ्यांच्या तोंडी घातले, तेही या शहराच्या खात्यावर जमा धरले पाहिजे. आणि हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा फेब्रुवारीतला उरूस, ज्यात सर्व धर्मांची माणसे लोटतात, तोही.

शहराबाहेर पडून दक्षिणेची वाट धरली की ती वारकऱ्यांची होते. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपुरास जाताना परभणीवरून दैठणा, गंगाखेड, परळी असा मार्ग धरते. वाटेत पोखर्णीचा नृसिंह आहे. त्याच्या गाभाऱ्याचे दार इतके ठेंगणे की अंग चोरूनच आत जावे लागते. त्या दारातून बाहेर येऊन पुन्हा रस्त्याला लागलो की मला वाटेचा सगळा नकाशा एकदम ध्यानात येतो. उत्तरेस, जुन्या परभणी जिल्ह्यातच असलेले आणि 1999 पासून हिंगोलीत गेलेले नरसी, जे परंपरेने नामदेवांचे गाव. दक्षिणेस गंगाखेड, जनाबाईंचे. एकाच्या कुळाने पंढरीची वाट धरली, आणि दुसरीला तर लहानपणीच नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी पोहोचवण्यात आले. नामदेवांच्या नावावरची ‘तीर्थावळी’ ही ज्ञानदेवांबरोबरच्या तीर्थाटनाची कथा आहे, आणि पुढे ते पंजाबात घुमानपर्यंत गेले. जनाबाईंना तीर्थाटन कोठले? तिचे चालणे विहिरीपासून जात्यापर्यंत आणि जात्यापासून शेणाच्या पाट्यांपर्यंत. तरीही गोदेच्या घाटावर तिच्या देवळात उभे राहिल्यावर मला जाणवते ते असे, की मराठी कवितेत स्त्रीच्या पावलांखालची जमीन तिनेच पहिल्यांदा इतक्या जवळून दाखवली.

पायी चालून लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या वणव्यातून पायी परतले आणि त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 साली छापला गेला. इरावती कर्वे आणि दि. बा. मोकाशी आळंदीच्या वारीबरोबर चालले आणि आपापल्या रीतीने लिहून गेले. परंतु देहू-आळंदीच्या वाटेवर जितकी शाई खर्ची पडली तिच्या शतांशानेही मराठवाड्याच्या वाटांवर पडलेली नाही. इकडच्या दिंड्या तितक्याच जुन्या, गावे तितकीच बोलकी. लिहिणारा हात मात्र तिकडेच वळला.

आणि आता वेळ थोडा आहे. पांदणी नांगरल्या जात आहेत, शिवेचे दगड बांधात गडप होत आहेत, मोडी वाचणारे संपत आले, फसली महिने क्रमाने सांगणारे त्याहून थोडे उरले. म्हणून मराठवाड्यातल्या शिकल्यासवरल्या तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या गावाची शीव एकदा पायी फिरा, बरोबर गावातले एखादे जाणते माणूस घ्या. देऊळ कोणाभिमुख, मशीद कोठे, बारव कोणत्या शेतात, जुनी गाडवाट कोणत्या धुऱ्यावरून जात होती, त्या शेताला लोक काय म्हणत, एवढे साध्या वहीत लिहून ठेवा. घरात खारव्यात बांधलेले कागद असतील तर ते रद्दीत घालण्याआधी मोडी जाणणाऱ्याला दाखवा. परभणीचे पेडगाव असो की दुसरे कोणते, प्रत्येक गावाला स्वतःची स्थानपोथी असलीच पाहिजे, आणि ती लिहिण्यास त्या गावच्या माणसाहून अधिक योग्य असा दुसरा कोणी नाही.