मातीने धरलेले विष

‘शोषण’ हा आमच्या चळवळीतला रोजचा शब्द. रसायनशास्त्रात त्याचा एक चुलतभाऊ आहे, ‘अधिशोषण’. पदार्थ कणाच्या आत न मुरता त्याच्या पृष्ठभागाला चिकटून बसतो, त्याला हे नाव. त्याची हकीकत आरे वसाहतीच्या निमित्ताने सांगतो, कारण तिचा उगम गोठ्यातच आहे.

१९४९ साली आरे दुग्धवसाहत स्थापन झाली आणि मुंबईच्या म्हशी इथल्या तबेल्यांत आल्या. तबेले धुतलेले पाणी पॅरा गवताला जाई. त्यापूर्वी शंभर वर्षे इंग्लंडात हक्स्टेबल नावाच्या गृहस्थांनी गोठ्याचे असेच पाणी मातीतून गाळले होते. खाली उतरले ते रंग आणि वास हरपून. वे यांनी १८५० साली मातीची ही शक्ती पद्धतशीर मोजली. खताची पकड विषाच्या पकडीहून निराळी. पण माती काय धरते आणि किती, हा प्रश्न तेव्हाच पुढे आला.

विष आले ते मागाहून. डीडीटीने किडे मरतात हे पॉल म्युलर यांना १९३९ साली आढळले. हिवतापावर ते फवारले, मग शेतातही. त्याचे मोजमाप सोपे आहे. माझ्यासारख्या सातवीत शाळा सोडलेल्याला वाचनालयात बसून समजले. बाटलीत माती आणि विषाचे पाणी घालून तासन् तास हलवायचे, माती खाली बसू द्यायची, पाण्यात उरलेले विष मोजायचे. जे कमी भरले ते मातीने धरले. पण वाळूची आणि कुजलेल्या पालापाचोळ्याची माती एका तराजूत कशी घालावी? दोन गिरण्यांची मजुरी ताडताना आम्ही आधी कामाचे तास पाहतो. इथे मातीतला सेंद्रिय कर्ब पाहतात. विषाची मुख्य पकड त्याचीच. त्याने भागले की टू-फोर-डी या तणनाशकाचा आकडा शंभराच्या आसपास किंवा खाली येतो, डीडीटीचा लाखांत जातो.

लाखांत, म्हणजे विहीर बहुधा बचावली, असे समजून माणसे समाधान पावली. मला ते पटत नाही. बाटलीत माती असते, पाणी असते. म्हैस नसते, फवारणारा गडीही नसतो. गवताच्या बुडख्याला लागलेली माती वैरणीबरोबर पोटात जाते, फवाऱ्यातले विष पात्यावरच बसते. डीडीटीला कर्बाइतकाच चरबीचा लोभ, आणि म्हशीचे दूध गाईच्या दुधाहून स्निग्ध. शेतीत डीडीटी वापरण्यास १९८९ साली बंदी झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९३ साली १२ राज्यांतील दुधाच्या २२०५ नमुन्यांचा अहवाल दिला. शेकडा ८२ नमुन्यांत डीडीटी होते.