कार्डाच्या नावामागचे वॅट

गेमिंग लॅपटॉप अडखळू लागला की पहिला संशय ड्रायव्हरवर येतो. या यंत्राचा इतिहास मात्र वेगळीकडे बोट दाखवतो. पातळ पेटीत वीज किती घ्यायची आणि तिची उष्णता बाहेर कशी काढायची, हा त्यातला मूळ पेच आहे. जुलै २००८मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या बिघडणाऱ्या ग्राफिक्स चिप्सपोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली, कारण चिपच्या पॅकेजिंगचे साहित्यच कमकुवत निघाले होते. २०१०मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या ‘ऑप्टिमस’ तंत्राने हलकी कामे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडे आणि गेम स्वतंत्र चिपकडे सोपवले. वीज वाचली, पण गेमचे चित्र प्रोसेसरच्या ग्राफिक्समार्फत पडद्यावर जाऊ लागल्याने वेगात थोडी घट आली. शिवाय गेम भलत्याच चिपवर सुरू होण्याची नवी तक्रार जन्मली. हा वळसा टाळायला स्वतंत्र चिप थेट पडद्याला जोडणारा मक्स स्विच वापरात आला.

तोवर निदान नाव तरी प्रामाणिक होते. लॅपटॉपच्या ‘जीटीएक्स ९८०एम’ चिपमध्ये १५३६ कोअर होते, तर डेस्कटॉपच्या ९८०मध्ये २०४८, शेवटचा ‘एम’ हा फरक आधीच सांगून टाकत असे. २०१६च्या पास्कल पिढीतल्या चिप्सच्या नावांतून हा ‘एम’ गळाला. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘मॅक्स-क्यू’ने तीच चिप कमी वॅटवर चालवून सडपातळ लॅपटॉपमध्ये बसवली. २०२१मध्ये तर ‘आरटीएक्स ३०८०’ ८० वॅटवर चालवायची की १५० वॅटवर, हे लॅपटॉपची कंपनी ठरवू लागली आणि खोक्यावरचे नाव दोन्हीकडे एकच राहिले. ओरड झाल्यावर एनव्हिडियाने कंपन्यांना हे आकडे जाहीर करायला सांगितले.

चिप्स दर पिढीला काटकसरी होत असताना वॅट मोजत बसायचे कशाला, असा आक्षेप येईल. पण वाचलेली वीज दर वेळी जास्त वेगावर खर्च झाली. २०२३च्या लॅपटॉपमधल्या ‘४०९०’ची मर्यादाही ८० ते १५० वॅटच राहिली, त्याच नावाच्या डेस्कटॉप कार्डाची ४५० वॅट आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही भौतिकशास्त्राची मर्यादा, तिचा दोष कंपन्यांना का द्यायचा? मर्यादेचा दोष नाहीच. विमानात विनापरवानगी नेता येणारी बॅटरी १०० वॅट-तासांपर्यंतची असते. २०० वॅट ओढणारे यंत्र ती अर्ध्या तासात रिती करील. त्यामुळे चार्जर काढताच वेग उतरणे हा बिघाड मानता येत नाही. आकडा झाकून नाव मिरवणे मात्र विक्रीचा निर्णय होता, आणि ग्राहकाची दिशाभूल त्यानेच केली. म्हणून दुरुस्तीची सुरुवात गेम चालू असताना चिपचे वॅट आणि तापमान वाचण्यापासून व्हावी. ठरलेले वॅट मिळत नसतील तर चार्जर, पॉवर मोड, पंख्यातली धूळ आणि थर्मल पेस्ट तपासावी. ते मिळूनही वेग कमीच असेल, तर मग खुशाल ड्रायव्हरकडे वळावे.