जन्मजात गुण की प्रयत्न? माणूस नेमका कशाने घडतो?

'खाण तशी माती' असे आपण म्हणतो आणि 'प्रयत्नांती परमेश्वर' असेही म्हणतो. पहिली म्हण सांगते की सगळे जन्मतःच ठरते, दुसरी सांगते की प्रयत्नाने काहीही साधते. मग खरे काय? विज्ञानाच्या मते हा 'हे की ते' असा प्रश्नच नाही.

आनुवंशिकता ४९ टक्के, म्हणजे काय?

एकाच फलित अंड्यापासून जन्मलेल्या जुळ्यांची जनुके जवळपास सारखी असतात. इतर जुळ्यांमध्ये हे साम्य सरासरी निम्मे असते. या फरकावरून आनुवंशिकतेचा अंदाज बांधतात. २०१५ साली अशा २,७४८ शोधनिबंधांचा एकत्र अभ्यास झाला. सर्व गुणांची सरासरी आनुवंशिकता ४९ टक्के निघाली.

याचा अर्थ 'तुम्ही निम्मे जनुकांनी घडलात' असा मात्र होत नाही. हा आकडा एका व्यक्तीबद्दल नसून, समाजातील माणसामाणसांत जो फरक दिसतो त्याबद्दल आहे.

जनुक तेच, आयुष्य वेगळे

फिनाइलकिटोन्युरिया हा दुर्मीळ आजार पूर्णपणे आनुवंशिक आहे. यात प्रथिनांमधील फिनाइलअॅलानिन हा घटक शरीराला पचवता येत नाही. तो साठत जातो आणि मेंदूला कायमची इजा करतो. पण जन्मानंतर लगेच टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी केली आणि तो घटक अत्यल्प असलेला आहार सुरू ठेवला, तर मूल सामान्य बुद्धीचे वाढू शकते. जनुक बदलत नाही, पण त्याचा परिणाम टाळता येतो. म्हणजेच 'आनुवंशिक' याचा अर्थ 'अटळ' असा नव्हे.

सरावाने मेंदू बदलतो का?

लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७९ शिकाऊ चालकांच्या मेंदूंचे स्कॅन सुरुवातीलाच काढले होते. तेव्हा त्यांच्यात आणि इतर लोकांत फरक नव्हता. काही वर्षांनी ३९ जण उत्तीर्ण झाले. स्मरणशक्तीशी निगडित 'हिप्पोकॅम्पस'चा मागचा भाग फक्त त्यांच्यातच वाढलेला दिसला. अनुत्तीर्णांत तो बदल आढळला नाही. त्यांनी सराव कमी केला, की मुळातच त्यांची क्षमता वेगळी होती? बहुधा दोन्ही गोष्टींचा वाटा असावा.

मग आपण काय करायचे?

प्रत्येकजण सचिन होणार नाही, हे मान्य करायला हरकत नाही. पण तिसरीतल्या मुलाला 'हा गणितात मुळातच कच्चा' म्हणून सोडून देणे चूकच. पुरेसा सराव, चांगला शिक्षक आणि वेळ मिळाल्याशिवाय त्याची मर्यादा कुठे आहे, हे कोणालाच कळू शकत नाही. आपण कुठून सुरुवात करतो ते जन्माने ठरते. कुठवर पोहोचतो, त्यात संधीचा आणि मेहनतीचाही वाटा असतो.