७ मार्च १८७० : जबलपूरला जुळलेले रूळ

वृत्तपत्रांतील 'दिनविशेष' या सदरात, म्हणजे त्या त्या तारखेला पूर्वी घडलेल्या घटनांची नोंद देणाऱ्या छोट्या रकान्यात, १६ एप्रिल ही तारीख सहसा चुकत नाही, कारण १८५३ साली त्या दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. ती गाडी सोडणाऱ्या कंपनीचा लोहमार्ग जबलपूरला कलकत्त्याकडून आलेल्या मार्गास मिळाला, त्या ७ मार्च १८७० ची आठवण मात्र क्वचितच निघते. वास्तविक ठाण्याची ३४ किलोमीटरची फेरी ही केवळ नांदी होती. मुंबई आणि कलकत्ता ही दोन बंदरे रुळांनी जोडली गेली ती जबलपुरात.

मुंबईकडील ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जी.आय.पी., आणि कलकत्त्याकडील ईस्ट इंडियन या दोन्ही रेल्वे कंपन्यांचे करार १७ ऑगस्ट १८४९ या एकाच दिवशी झाले. भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी, म्हणजे नफा कमी पडल्यास ती तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून देण्याची तरतूद, दोघींनाही मिळाली. जोखीम येथल्या रयतेची आणि लाभ विलायतेतील भागधारकांचा, असाच तो व्यवहार होता.

ईस्ट इंडियनची अलाहाबाद–जबलपूर शाखा १८६७ मध्येच सुरू झाली, परंतु मुंबईकडील मार्गाला सह्याद्री आडवा आला होता. कसाऱ्यापुढे थळ घाटात ३७ फुटांमागे एक फूट असा चढ घ्यावा लागला आणि वळणाला पुरेशी जागा नसल्याने मध्येच दिशा बदलण्याचे स्थानक करावे लागले. तेथे गाडी थांबे, इंजिन पुढून सोडवून मागच्या टोकाला जोडले जाई आणि मगच उरलेला चढ सुरू होई. हा घाटमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. पुढे भुसावळहून एक फाटा वऱ्हाडच्या कापसासाठी नागपूरकडे वळला, तर दुसरा खांडवा, इटारसी करत नर्मदेच्या खोऱ्यातून जबलपूरला पोहोचला.

या जोडणीच्या समारंभास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उपस्थित होते. दोन्ही मार्गांचे गेज, म्हणजे रुळांमधील अंतर, पाच फूट सहा इंच असल्याने माल उतरवून पुन्हा भरण्याची यातायात नव्हती. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झालेला असल्याने विलायतेहून मुंबईत उतरलेली टपाल आता थेट रेल्वेने कलकत्त्यास जाऊ लागली. जूल व्हर्नने ऐंशी दिवसांतील जगप्रदक्षिणेची कादंबरी १८७२ मध्ये लिहिली ती याच मार्गाच्या भरवशावर. तिच्यात अलाहाबादच्या अलीकडे रूळ संपतात आणि नायकाला हत्ती विकत घ्यावा लागतो, पण तो खंड लेखकाने रंगतीसाठी घातलेला आहे, कारण मार्ग तोवर अखंड झाला होता.

जबलपूरचे हे महत्त्व फार काळ टिकले नाही. बंगाल–नागपूर रेल्वेचा मार्ग १९०० मध्ये हावड्याच्या बाजूस जोडला गेल्यावर नागपूरवरून जाणारी वाट जवळची ठरली आणि कलकत्त्याची बरीचशी वाहतूक तिकडे वळली. मुंबईहून प्रयागराज, पाटण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्या मात्र आजही जबलपूरवरूनच धावतात.