‘दहाव्या खाटेवरचे यकृत’

लंडनमधील एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयात १९५० च्या दशकात परिचारिकांच्या बोलण्यात रुग्णाचे नाव क्वचितच येई. कोणी ‘दहाव्या खाटेवरचे यकृत’ असे, तर कोणी ‘पंधराव्या खाटेवरचा न्यूमोनिया’. असे बोलणे वाईट, हे त्यांनाही मान्य होते. तरीही ती रीत मोडत नव्हती.

रुग्णालयात सुमारे ७०० परिचारिका होत्या. त्यांपैकी पूर्ण प्रशिक्षित साधारण १५०, आणि त्या देखरेख, अध्यापन व व्यवस्थापन यांत गुंतलेल्या. उरलेल्या सगळ्या विद्यार्थिनी. चार वर्षांचे शिक्षण घेता घेता खाटेजवळची जवळजवळ सर्व शुश्रूषा त्याच करीत. शिकणारी कोण आणि राबणारी कोण, ही सीमारेषाच उरली नव्हती. विद्यार्थिनींच्या नेमणुकांची घडी विस्कटू लागली, तेव्हा रुग्णालयाने टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटची मदत मागितली.

तेथून आल्या मनोविश्लेषक इझाबेल मेंझीस. त्यांना आढळले ते असे: सुमारे एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडत होत्या, त्यांतील बहुतेक स्वेच्छेने. किरकोळ आजारपणाच्या रजाही फार. निघून जाणाऱ्या साऱ्या दुबळ्या होत्या, असे मात्र नव्हते. त्यांत गुणी, समजूतदार मुलीही होत्या.

जखमा, मलमूत्र आणि मृत्यू यांच्या सान्निध्यात दया, किळस, भीती आणि रागही एकाच वेळी उसळतो. तो सोसता यावा म्हणून रुग्णालयाने नकळत एक तटबंदी उभारली होती. एका मुलीने मोजक्या रुग्णांची संपूर्ण सेवा करायची नाही. तीसेक रुग्णांची एक-दोन ठरीव कामे उरकायची. जीव जडू लागण्याआधीच दुसऱ्या वॉर्डात बदली. प्रत्येक निर्णयाची तपासणी, मग तपासणीचीही तपासणी. झोपू दिले तर बरे, असे वाटत असूनही डॉक्टर येण्यापूर्वी भल्या पहाटे रुग्णांना उठवून त्यांची तोंडे धुवायची. आणि एखादी मुलगी रडली, तर धीराऐवजी दटावणी.

दटावणाऱ्या ज्येष्ठ परिचारिका पाषाणहृदयी नव्हत्या. हे दुःख त्यांनी स्वतः भोगलेले होते. पण तसे उघड बोलण्याची परंपरा नव्हती. परिचारिका जन्मावी लागते, घडवता येत नाही, ही समजूतही सोयीची होती. मग जी टिकली नाही, तिच्यातच खोट!

१९६० मध्ये ‘ह्यूमन रिलेशन्स’ या नियतकालिकात मेंझीस यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांचा निष्कर्ष व्यवस्थेला झोंबणारा होता: ही तटबंदी मूळ भीती हाताळूच देत नाही, उलट तिच्यात नव्या ताणाची भर घालते. रुग्ण बरा होऊन घरी जाताना मिळणारे समाधानही ती मुलींकडून हिरावून घेते, कारण तो ‘त्यांचा’ रुग्ण कधी नसतोच.

त्या रुग्णालयात मोठे बदल झाले नाहीत. जुनी चौकट सोडण्याचीच भीती अधिक होती. पुढे स्टॅनमोर येथील अस्थिरोग रुग्णालयाच्या बालविभागात मेंझीस यांना दुसरी संधी मिळाली. तेथे प्रत्येक मूल एका ठरावीक परिचारिकेकडे सोपवले गेले.