‘गिफ्ट’ म्हणजे भेट, विष की लग्न?

बारसं असो की वाढदिवस, ‘गिफ्ट काय द्यायचं?’ हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न. पण जर्मनीत एखाद्या बाटलीवर हाच शब्द दिसला तर तिला हात लावू नका. जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष! स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये तर कमालच. तिथे या शब्दाचे दोन अर्थ: विष आणि विवाहित.

यावर तिकडे भरपूर विनोद होतात. पण मागचा इतिहास गंभीर आहे.

सगळ्यांचं मूळ एकच, ‘देणे’. ग्रीक ‘डोसिस’ म्हणजेही देणं. वैद्य तो शब्द औषधाच्या मात्रेसाठी वापरू लागले. आपला ‘डोस’ तिथलाच. जर्मन ‘गिफ्ट’ त्याच वाटेने गेला. आधी दिलेली वस्तू, मग दिलेली मात्रा, शेवटी जीव घेणारी मात्रा. भेट हा जुना अर्थ मागे पडला, पण ‘मिटगिफ्ट’ या शब्दात त्याची खूण राहिली. मिटगिफ्ट म्हणजे मुलीसोबत द्यायचा हुंडा.

स्वीडिशमधला ‘विवाहित’ही देण्यातूनच आला, कारण लग्नात मुलगी ‘दिली’ जायची. जुन्या इंग्रजीत तर ‘गिफ्ट’ म्हणजे वधूसाठी मोजलेली किंमत, आणि त्याचंच अनेकवचन म्हणजे लग्न!

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२४ साली भेट आणि विष या दोन अर्थांवरच एक छोटा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की दिलेली वस्तू घेणाऱ्याला बांधून टाकते. म्हणून भेटीत आनंद असतो, तसा धोकाही.

आपण युरोपला हसायचं कारण नाही. ‘मुलगी कुठे दिली?’ असं आपणही सहज विचारतो. १९६१ च्या कायद्याने हुंडा देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा ठरवलं. मात्र न मागता दिलेल्या भेटींना मुभा ठेवली. त्यासाठी भेटींची यादी करायची अट आहे. १९८५ चे नियम सांगतात की यादी लेखी हवी, वधूवरांच्या सह्यांसकट.

अशी यादी तुम्ही किती लग्नांत पाहिलीत? ‘आम्ही काही मागितलं नाही, त्यांनीच हौसेनं दिलं’ हे वाक्य मात्र प्रत्येक मांडवात ऐकू येतं.

तेव्हा पुढच्या लग्नात दारात हौसेची गाडी उभी दिसली, तर एवढंच विचारा: यादी कुठे आहे? भेट आणि विष यांतला फरक कधीकधी त्या एका कागदाचाच असतो.