लोहाराचा नियम मोडणारा धातू

आजची गोष्ट आमच्या झरी जामणीच्या लोहारापासून सुरू करू. वखराची पास घेऊन गेलात तर तो आधी ती लालबुंद तापवतो, मगच घाव घालतो. तापलं की लोखंड नरम येतं. हजारो वर्षं लोहारकी याच नियमावर चालली.

पण घाव म्हणजे नेमकं काय, हे कुणी मोजलं? १८७२ मध्ये जॉन हॉपकिन्सन या इंग्रज इंजिनिअरनं लोखंडी तार टांगली आणि तिच्यावर वरून वजनं सोडली. तार तुटणार की नाही, हे वजनापेक्षा ते किती उंचावरून पडतंय यावर ठरत होतं. आणि गंमत बघा, कधी कधी तार खाली, जिथे मार बसला तिथे न तुटता वरच्या टोकाला तुटायची! धक्का लाटेसारखा वर जाऊन तिथून परतत होता. त्यांचा मुलगा बर्ट्रम यानं १९१४ मध्ये लांब पोलादी दांडा वापरून बंदुकीच्या गोळीचा धक्का मोजला. (चार वर्षांनी तो स्वतः विमान चालवताना अपघातात गेला.) १९४९ मध्ये कोल्स्कीनं दोन दांड्यांच्या मधे धातूचा तुकडा ठेवला. आजही प्रयोगशाळांत हीच पद्धत चालते, फक्त तुकडा आधी भट्टीत तापवूनही मारतात.

आता निकेल. हीटरच्या कॉइलमधलं नायक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियम. १९४०च्या सुमारास ब्रिटनमध्ये जेट इंजिनच्या पात्यांसाठी त्याच घराण्यातून निमोनिक तयार झालं. टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियम घातलं की अशा मिश्रधातूत बारीक कण तयार होतात. ते तापले की अणूंचे सरकणारे थर आडवाटेला जाऊन अडकतात. त्यामुळे ७००-८०० अंशांपर्यंत ताकद टिकते, काही मिश्रधातूंत चक्क वाढते. त्यापुढे मात्र लोहाराचा नियम परत लागू!

त्यात घाव जोराचा असेल तर हिशोब आणखी बदलतो. थरांना सरकायला वेळच मिळत नाही, म्हणून धातू जास्त कडक वागतो. उलट त्याच मारानं आत उष्णता तयार होते, तिला बाहेर पडायला वेळ नसतो. मग एक अरुंद पट्टा नरम पडतो आणि तिथेच धातू कातरला जातो. हळूहळू ताणून केलेले तक्ते इथे पुरत नाहीत.

आणि हे पुस्तकी नाही. इंजिनातलं एखादं पातं तुटलं तर बाहेरच्या कवचानं ते अडवायलाच हवं, असा विमानांसाठी नियम आहे. पाती जिच्यावर बसतात ती चकती मात्र फुटली तर कवच काही करू शकत नाही. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी शिकागोला उड्डाणासाठी धावणाऱ्या बोईंग ७६७ची इनकोनेल ७१८ची चकती फुटली. घडवतानाच आत दोष राहिला होता. एक तुकडा पंख फोडून जवळपास ९०० मीटर लांब गोदामात जाऊन पडला. विमान पेटलं, पण १७०च्या १७० माणसं वाचली.

पांढरकवड्याच्या हायवेवर उभं राहिलात तर उत्तरेला नागपूरच्या मिहानमध्ये बोईंगनं उभारलेलं विमान दुरुस्ती केंद्र आहे, दक्षिणेला हैदराबादेत १९७३ पासूनची मिधानी, जिथे आपल्याकडचे हे मिश्रधातू वितळवले जातात. मिधानीबद्दल पुढच्या भागात.